पहिला हुरडा

८ डिसेंबर १९९६, रविवार

गुलमंडीवर जाऊन फोटो काढून आले. फोटोग्राफर म्हणाला, "थोडं हसा ना ताई." मी म्हटलं, हिशेबतपासनीस हसत नसतात. तर म्हणतो, "मग पासपोर्टचा काढू का?" आगाऊ कुठला. शेवटी हसले थोडी.

घरी सांगितलं नव्हतं, पण ह्यांना पावती सापडली. "निवडणूक जानेवारीत आणि फोटो डिसेंबरात?" म्हणाले. मी म्हटलं, निवडणूक कसली? आमच्या मंडळात कधी निवडणूक झालीय का?

खरंच झालेली नाही. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या वेळचे उर्दू हिशेब बदलायची धांदल उडाली, तेव्हा पाच जणांनी मिळून मराठवाडा हिशेबतपासनीस मंडळ काढलं. बसायला जागा नव्हती म्हणून पहिली बैठक गंगापूरजवळ एकाच्या शेतात, हुरड्याच्या आगटीभोवती झाली. तेव्हापासूनची रीत आहे. जानेवारीतला पहिला रविवार हुरड्याचा. मावळते अध्यक्ष पहिलं कणीस स्वतः चोळतात, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि तो गरम हुरडा ज्याच्या तळहातावर ठेवतात तो पुढचा अध्यक्ष. मग तो आपल्या हातानं बाकीच्यांना देतो. खाल्ला म्हणजे मान्य. अर्ज भरायची मुदत त्याच संध्याकाळी संपते आणि अर्ज एकच येतो.

सभागृहाच्या भिंतीवर नऊ अध्यक्षांचे फोटो टांगलेत, नऊही पुरुष. नववे म्हणजे आत्ताचे, व्यंकटराव सर. दहाव्या जागेसाठी सर मला ऑगस्टमध्येच म्हणाले, "प्रमोदिनी, या खेपेला हात पुढं करून बस."

एकोणसत्तर साली मला कुणी शिकाऊ उमेदवार म्हणून घेत नव्हतं. मुलगी जिनिंगमधून, गोदामांमधून कशी फिरणार? सरांनी घेतलं. पहिल्याच दिवशी गंगापूरच्या जिनिंगमध्ये नेऊन नऊवारी नेसलेल्या मला कापसाच्या गठाणींवर चढवलं. म्हणाले, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर दुसरा धंदा बघ." आज जी काही आहे ती त्या एका वाक्यावर.

१२ डिसेंबर, गुरुवार

डोकं उठलंय. आमच्याच मंडळातल्या बिडकीनच्या त्या बद्रीनाथनं शिस्त समितीकडे, म्हणजे माझ्याकडे, एक तक्रार आणून टाकली. तक्रार पैठणच्या विणकर बायकांच्या सहकारी संस्थेची, कुणी भागूबाई अध्यक्ष आहे. म्हणणं असं, की संस्थेचा हिशेब तपासणारे श्रीधरराव पैठणला कधी आलेच नाहीत. अहवालात मात्र लिहिलंय, 'प्रत्यक्ष भेट देऊन सर्व माग तपासले, माग चालू स्थितीत आहेत.' बायकांच्या मते माग जागेवर नाहीतच. संस्थेच्या सचिवानंच ते टेम्पोत घालून विकले आणि तो पसार झाला.

श्रीधर म्हणजे सरांचा जावई! म्हणजे रोख कुणावर आहे ते शेंबडं पोरही सांगेल. हा बद्रीनाथ गेले सहा महिने बोंबलत फिरतोय, की हुरडा खा नाहीतर हुरडा खाऊ नका, मी अर्ज भरणार. मला अडवायचं, आणि त्यासाठी आधी सरांना बदनाम करायचं. तेल चोपडलेले केस, सभेत माइक हातात आला की "नाय, नाय." कानामागून आला अन् तिखट झाला.

मला म्हणतो, "मॅडम, एकडाव जाऊन बघा. लई लांब नाय, पैठणच हाय."

पैठण कुठं आहे ते हा मला शिकवणार!

आमच्या घटनेप्रमाणे तक्रार डोक्यावर असेपर्यंत सभासदाला कुठल्याच पदासाठी उभं राहता येत नाही. पण श्रीधरला कुठं उभं राहायचंय? बिचारा कधी दुसऱ्या रांगेच्या पुढं बसत नाही. नुसतं नाव खराब करायचं काम.

१६ डिसेंबर, सोमवार

श्रीधर घरी येऊन गेला. येताना पैठणगेटवरून अंजीर घेऊन आला. वाकून नमस्कार केला. "ताई, तुम्ही ठरवाल ते मान्य," एवढंच बोलला. डोळ्यात पाणी होतं. जाताना विचारलं, "पाच तारखेच्या आत निकाल लागेल ना?" त्याची झोप उडालीय, दुसरं काय. मी म्हटलं, आत म्हणजे आतच लागेल.

हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "तू पैठणला जाणार का?"

मी म्हटलं, सुनावणी आहे ना. ज्याला सांगायचं तो येऊन सांगेल.

२३ डिसेंबर, सोमवार

सुनावणी झाली. झाली म्हणजे काय, समोर कुणी आलंच नाही. मी, आप्पासाहेब आणि सर असे समितीचे तिघं दुपारपर्यंत आतल्या खोलीत बसून राहिलो. आप्पासाहेब नेहमीप्रमाणे झोपले. सर समितीत पदसिद्ध आहेत. मी त्यांना म्हटलं होतं, जावयाचं प्रकरण आहे, तुम्ही नाही बसलात तरी चालेल. म्हणाले, "नाही प्रमोदिनी. मी बसलो नाही तर लोक म्हणतील, जावयाला टाळलं." केवढा हा मोठेपणा! दोनतीनदा स्वतः उठून बाहेर कुणी आलंय का ते बघून आले. या वयात.

बद्रीनाथही फिरकला नाही. त्याच्याकडे बिडकीनला कुणी वारलंय म्हणे. तक्रार करायला पुढं आणि शाबीत करायची वेळ आली की पसार. 'तक्रारदार गैरहजर, तक्रारीत तथ्य नाही' असा निकाल देऊन मोकळी झाले.

निघताना सर म्हणाले, पुढं ऊन आहे, बाजूच्या दारानं जाऊ. मी पर्स विसरले होते म्हणून पुढूनच वळसा घालून आले. पायऱ्यांवर पाचसहा बायका भाकरीचं गाठोडं सोडून बसल्या होत्या. शेजारी इमारतीचं काम चाललंय, तिथल्या असाव्यात. एकीनं उठून हात जोडले. मी दोन रुपये दिले आणि सरांच्या गाडीत जाऊन बसले. मंडळाच्या पायऱ्यांवर कुणालाही बसू देतात, शिपायाला बोललं पाहिजे.

२९ डिसेंबर, रविवार

बद्रीनाथ दारात उभा राहून ओरडला. गल्ली बाहेर आली. "मॅडम, बाया आल्या व्हत्या! सकाळच्या यष्टीनं आल्या व्हत्या!"

मी म्हटलं, मी तिथं बसले होते. मला कुणी दिसलं नाही.

"तुमाला दिसलं नाय का दिसू दिलं नाय, त्ये तुमीच बघा."

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. दार लावून घेतलं. इतका राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता. सरांना फोन केला तर शांतपणे म्हणाले, "सोडून दे. हुरड्याला काय नेसणार आहेस?"

५ जानेवारी १९९७, रविवार

लिहू की नको कळत नाही. लिहितेच. नाहीतर भांडी फुटतील.

शेत तेच, गंगापूर रस्त्यावरचं. गुळभेंडी ज्वारी, गोवऱ्यांची आगटी, जवसाची चटणी, बोरं, रेवड्या. साठसत्तर माणसं गोल बसलेली. मी सरांच्या उजव्या हाताला. नवी साडी, पदर खोचलेला. सरांनी कणीस आगटीतून काढलं, चोळलं, फुंकर मारली. वय सत्तर, पण हात अजून तसेच पक्के. मी तळहात पुढं केला. केला होता, खोटं कशाला लिहू, सगळ्यांनी पाहिलाय.

सरांनी माझ्या हातावरून हात नेला आणि हुरडा श्रीधरच्या हातावर ठेवला.

माझा तळहात तसाच उघडा राहिला. मग टाळ्या. आप्पासाहेबांच्या सगळ्यात मोठ्या. श्रीधर उठला आणि सगळ्यात आधी माझ्यापुढं येऊन वाकला. "ताई, घ्या." आणि मी घेतला. तोंडात टाकला. चावला. गिळला. पुढं केलेलं नाकारायचं नाही, अन्नाला नाही म्हणायचं नाही, असल्या लहानपणच्या वळणापायी माझ्या तोंडानं मला न विचारता संमती देऊन टाकली. गोड होता हुरडा. मेला, गोडच होता.

सगळ्यांनी खाल्ला. एकट्या बद्रीनाथनं नाही. त्याच्यापुढं हात गेला तर म्हणाला, "मला हुरडा पचत नाय." जोंधळ्याच्या रानात जन्म गेलेला माणूस, आणि याला हुरडा पचत नाही! तेवढ्यातही मला त्याचा राग आला.

बोरीखाली सरांना गाठलं. विचारलं, हे काय?

"अजून एक खेप थांब," सर म्हणाले. "श्रीधरला हीच संधी आहे. तू काय, तू घरचीच आहेस."

घरचीच! घरच्यांनाच ताटकळत ठेवता येतं, घरच्यांनाच शेवटच्या पंगतीला बसवता येतं. सत्तावीस वर्षं मी घरची आहे आणि आज कळलं घरची म्हणजे काय. माझा अर्ज सर स्वतः भरणार होते, म्हणून मी भरला नव्हता. मुदत संध्याकाळी संपली. दोन अर्ज आले, श्रीधरचा आणि बद्रीनाथचा.

६ जानेवारी, सोमवार

 संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, जणू ह्यांनीच केलंय. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "श्रीधरवर तक्रार होती ना? ती असती तर त्याला उभं राहता आलं असतं का?"

नसतं आलं.

"मग ती काढली कुणी?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. कणिक इतकी मळली की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

'पाच तारखेच्या आत निकाल लागेल ना?' त्यानं विचारलं होतं. अंजीर घेऊन आला होता. मीच त्याला दार उघडून दिलं, आणि दार उघडताना मला वाटत होतं, मी सरांची अब्रू राखतेय. कामापुरता मामा असतो, तशी ताईही असते म्हणायची.

तरी तक्रार खरी होती असं मी अजून म्हणत नाही. त्या बद्रीनाथवर माझा काडीचा विश्वास नाही. पण जाऊन येते. खोटी निघाली तर त्याच्या तोंडावर फेकीन.

११ जानेवारी, शनिवार

पैठणला जाऊन आले. एस.टी.नं गेले. कुणाच्या गाडीत बसायचं नव्हतं.

संस्थेची जागा विणकरांच्या गल्लीत आत आहे. सापडेना. एका दारात एक बाई रेशमाच्या लडी सोडवत बसली होती. तिला विचारलं, विणकर संस्था कुठंय? तिनं वर पाहिलं आणि बघतच राहिली.

"पयल्यांदाच आला का?"

हो म्हटलं.

"मंग बरुबर हाय. पयल्यांदा येनाऱ्याला सापडत नाय. वळणावर पाटी नाय, दार मागून हाय." उठली, पदर झटकला. "चला. मीच भागूबाई."

दार खरंच मागून आहे, एका गोठ्याला वळसा घालून. आत लांब खोली, कौलांतून ऊन. जमिनीत ओळीनं खड्डे. पैठणीचा माग जमिनीवर असतो आणि विणणारी कडेला बसून पाय खड्ड्यात सोडते, हे मला माहीत होतं. रिकामे खड्डे कधी पाहिले नव्हते. माग नाहीत. लाकडाचा एक तुकडा नाही. एका खड्ड्यात जळणाला कापसाच्या पऱ्हाट्या भरलेल्या, एकात कोंबडी अंड्यावर बसलेली. मी वाकले तर अंगावर आली.

"यंदाचा न्हाय हा परकार," भागूबाई म्हणाल्या. "दोन साल झाली. सचिवानं रातीतून माग नेले. आमी सहकार खात्याच्या हापिसात गेलो तर म्हणत्यात, माग हायेत की, कागदावर हायेत, चालू हायेत. मोठ्या साहेबानं तपासलेत. आमी काय खोटं बोलतो व्हय? आता आमी याच गल्लीत यापाऱ्याच्या मागावर मजुरीनं बसतो. सोताचं असून."

अहवाल दोन्ही वर्षांचे आहेत आणि दोन्ही वर्षं माग 'चालू स्थितीत'. श्रीधरनं मागचाच मजकूर पुढं ओढलाय.

मग त्या म्हणाल्या, "त्या दिशी तुमाला पायलं आमी. म्या उठून हात जोडले. तुमी पर्स उघडली."

पायऱ्यांवरच्या बायका.

"आमी मागाया न्हवतो आलो, बाई."

मला बसायला जागा पाहिजे होती आणि त्या खोलीत बसायला खड्ड्याच्या कडेशिवाय काही नव्हतं. तिथंच बसले, पाय आत सोडून. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. इतका, की परतीच्या गाडीत कंडक्टरशी भांडले. सुट्ट्या पैशांवरून. त्याचा काय दोष होता?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सत्तावीस वर्षं पहिला तिळगूळ सरांना देते. आजही घेऊन गेले. वाटेत ठरवलं होतं, शांत बोलायचं.

सर झोपाळ्यावर होते. तिळगूळ घेतला, डोक्यावर हात ठेवला. मी सांगितलं, पैठणला जाऊन आले, सुनावणीला त्या बायका आल्या होत्या.

"माहीत आहे," सर म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"अगं, मीच त्यांना चहा पाजला. म्हटलं, आज काम तहकूब आहे, पुन्हा कळवू. उन्हातान्हाच्या आल्या होत्या गरीब." झोपाळा चालूच होता. "श्रीधरची चूक झाली. तरुण आहे, कामाचा बोजा फार, राहून गेलं जायचं. म्हणून काय त्याला आयुष्यातून उठवायचं? माझ्या मीनाक्षीचा संसार आहे. मंडळाचं नाव आहे. पन्नास वर्षं बेदाग ठेवलंय आपण."

मी म्हटलं, श्रीधरला अर्ज मागं घ्यायला सांगा. बाकी मी सांभाळते, फेरतपासणी गाजावाजा न करता करू.

सर हसले. "आणि मग कोण? तो बिडकीनवाला? उद्या मंडळ तालुक्यातले लोक चालवणार? तुला तरी चालेल का?"

 खरं म्हणजे चालणार नव्हतं. महिनाभर मीच इथं काय काय लिहिलंय ते पानं मागं उलटून वाचलं तर दिसतं. सरांनी माझंच बोलणं माझ्यापुढं धरलं होतं, हुरड्यासारखं, आणि घे म्हणत होते.

"तिळगूळ दिलास ना? मग गोड बोल," सर म्हणाले.

मी उठून चपला घातल्या.

१९ जानेवारी, रविवार

सर्वसाधारण सभा झाली. दोन अर्ज म्हणून पहिल्यांदाच मतपेटी आणलेली, कोरी करकरीत. सर निर्धास्त होते. हुरडा खाल्लेली माणसं मोजली की निकाल दिसतच होता.

रीतीप्रमाणे अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव उपाध्यक्षानं मांडायचं असतं. म्हणजे मी. माइकपाशी गेले. श्रीधर पहिल्या रांगेत, कोट घालून. दुसरी रांग सुटली त्याची.

मी म्हटलं, "शिस्त समितीची अध्यक्ष म्हणून पैठणच्या तक्रारीवरचा माझा निकाल मी मागं घेते आणि तक्रार पुन्हा दाखल करून घेते. मी तो निकाल जागा न पाहता दिला होता. आता पाहून आले आहे. तिथं माग नाहीत."

असा गोंगाट झाला की माइक बंद करावा लागला. आप्पासाहेब जागे झाले. कुणी म्हणालं, खुर्ची मिळाली नाही म्हणून चिडलीय. हो, चिडले आहेच! चिडले आहे म्हणून खड्डे भरून निघतात का? हे मी ओरडून म्हटलं, माइक नसताना.

सर उठले तेव्हा सगळे गप्प बसले. सर माझ्याशी एकटीशी बोलावं तसं बोलले. "प्रमोदिनी, तुला हे सगळं शिकवलं कुणी?"

"तुम्हीच, सर. गंगापूरच्या जिनिंगमध्ये."

सरांचा चेहरा पाहवेना. पाहिला तरीही.

घटनेप्रमाणे श्रीधरचा अर्ज बाद झाला. मतपेटी न उघडता परत गेली. एकच अर्ज उरला आणि बद्रीनाथ अध्यक्ष झाला. बिनविरोधाची परंपरा टिकली म्हणायची.

खाली उतरताना तो समोर आला. मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, तुमच्यासाठी केलेलं नाही. म्हणाला, "म्हाईत हाय, मॅडम."

२० जानेवारी, सोमवार

दिवसभरात एकही फोन नाही. दुपारी फोटोग्राफरचा माणूस चौकट केलेला फोटो देऊन गेला. मी त्यात हसतेय. ह्यांनी खिळा ठोकून तो स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर टांगला. म्हणाले, "इथं तरी तू बिनविरोध आहेस."

मला हसू आलं नाही. दहावी जागा माझी होती. मीच ती घालवली आणि ज्याला दारातून हाकललं त्याला दिली. बरोबर केलं म्हणून दुःख कमी होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं.

संध्याकाळी बद्रीनाथ आला. या वेळी दार उघडलं. म्हणाला, शिस्त समिती तुमीच चालवा.

मी म्हटलं, दुसरं कुणी बघा.

"दुसरं कोन बसंल? तुमच्याइतकं चिडलेलं कोनी नाय." मग म्हणाला, "सुनावणी हितं नको, मॅडम. पैठणला घेऊ. त्याच खोलीत."

कल्पना चांगली होती. मला सुचायला हवी होती, म्हणून आणखी राग आला. हो म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या गाडीनं गेले. भागूबाईंनी खोली झाडून सतरंज्या टाकल्या होत्या. पऱ्हाट्या बाहेर काढल्या होत्या. कोंबडीचा खड्डा तेवढा तसाच ठेवला होता, तिची पिल्लं निघाली होती.

मी आणि बद्रीनाथ वळणावर उभे होतो. भागूबाई त्यांच्या दारात, लडी सोडवत. श्रीधरची मारुती गल्लीत शिरली. मागं सर बसले होते. गाडी आमच्यापर्यंत आलीच नाही. मधेच थांबली. श्रीधर उतरला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पाटी नव्हती. एक दार ठोठावलं, ते भलत्याचंच. मग तो भागूबाईंसमोर गेला.

"बाई, ते विणकर संस्थेचं कुठं आहे?"

भागूबाईंनी लडी खाली ठेवली. चष्मा वर सरकवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पयल्यांदाच आला का, साहेब?"

"हो ना," श्रीधर म्हणाला. "सापडतच नाहीये."

त्याला अजूनही कळलं नव्हतं. गल्लीला कळलं होतं. ओट्यांवरच्या बायकांचे हात थांबले होते. बद्रीनाथ माझ्याकडे न बघता खाली बघत होता, आणि त्यासाठी मी त्याला पहिल्यांदाच मनातून बरं म्हटलं. गाडीत सरांना कळलं होतं. काच खाली होती, सगळं ऐकू गेलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीनं माझे हात नमस्काराला जोडले जाऊ लागले, ते मी तसेच अर्ध्यावर खाली घेतले. सरांनी काच वर केली.

सुनावणी सुरू व्हायच्या आधीच संपली होती. तरी आत गेलो, खड्ड्यांत पाय सोडून बसलो आणि सगळं रीतसर लिहून घेतलं. श्रीधरला बसायला जागा होती, पण तो शेवटपर्यंत उभाच राहिला. मग भागूबाईंनी चहा आणला. मी पर्स उघडली नाही. कप दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायले.